मेमध्ये मेलेल्या बॅटरीची तेरवी डिसेंबरात: विदर्भाच्या उन्हात गाडीची बॅटरी कशी सांभाळायची

डिसेंबरात पहाटे सेल्फ मारला, टक-टक झालं आणि गाडी गप्प. दोष थंडीला दिला जातो. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून कमजोर बॅटरी तेव्हा उघडी पडते एवढंच. तिची खरी वाट लागलेली असते एप्रिल-मेमध्ये, अकोला-चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा. उन्हाळ्यात मात्र ती तक्रार करत नाही, उलट गरम बॅटरी जोरात सेल्फ मारते. म्हणूनच तेव्हा कुणी बोनेट उघडून बघत नाही.

लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजतात. त्याच्या वर दर ८ ते १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. बाहेर ४५ अंश असताना चालत्या गाडीच्या बोनेटखालची हवा ६०च्या पुढे सहज जाते. आत तीन गोष्टी होतात. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजून ठिसूळ होते, आणि हे नुकसान भरून येत नाही. पाणी झपाट्याने उडतं. आणि उभ्या गाडीतही बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतो. उतरलेली बॅटरी तशीच उन्हात राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग चार्जर लावूनही ती पूर्ण भरत नाही.

यातलं गंजणं फक्त कमी करता येतं. पाणी आणि चार्ज हे दोन्ही मात्र पूर्ण आपल्या हातात आहेत.

पाणी

मार्चअखेर एकदा, मग जूनपर्यंत दर १५ दिवसांनी सहाही बुचं उघडून बघा. ट्रॅक्टर, पिकअप, जुनी जीप, छोटा हत्ती यांच्यात बहुधा बुचांची बॅटरी असते. इंजिन बंद हवं, थंड झालेलं हवं. जवळ बिडी-काडी नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने फुटतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. ॲसिडचा थेंब अंगावर पडला तर भरपूर पाण्याने धुवा, सुती कपड्याला मात्र भोक पडणारच.

बुचं उघडण्याआधी वरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ती आत जाते. डब्यावर वरची आणि खालची रेघ असेल तर पातळी दोन्हींच्या मध्ये, वरच्या रेघेकडे असावी. रेघ नसेल किंवा डबा काळा असेल, तर सलाईनच्या नळीचा स्वच्छ तुकडा बुचाच्या भोकातून प्लेटेपर्यंत टेकवा, वरचं तोंड अंगठ्याने दाबा आणि नळी वर काढा. नळीत १० ते १५ मिलिमीटर पाणी दिसलं की पुरे. नळीतलं पाणी त्याच सेलमध्ये, म्हणजे त्या बुचाखालच्या कप्प्यात, परत सोडा.

टाकायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लास्टिकच्या नरसाळ्याने. विहिरीचं, बोअरचं, नळाचं नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या भागात, तर अजिबातच नको, कारण तिथल्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात आणि बॅटरी उभ्या-उभ्या उतरवतात. आरओच्या जारचं पाणी पिण्यापुरतं शुद्ध असतं, बॅटरीपुरतं नाही. एसीतून ठिबकणारं पाणीही नको, त्यात कॉइलची धूळ आणि धातू येतो. आणि ॲसिड तर कधीच वरून टाकू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. 'जोर यावा' म्हणून ॲसिड टाकलं तर चार दिवस जोर दिसतो आणि प्लेटा लवकर संपतात.

पाणी चार्जिंगनंतर भरायचं, कारण चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं. आधीच काठोकाठ भरलं तर ते बुचातून बाहेर येतं आणि टर्मिनल कुजवतं. पण प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला, चार्ज करा आणि उरलेलं नंतर.

कोणत्या सेलला किती पाणी लागलं याकडे नीट लक्ष द्या, पुढचं निदान त्यातच असतं. एकच सेल सारखा कोरडा पडत असेल तर तो सेल जातोय. सहाही सेल १५ दिवसांत भरपूर पाणी पीत असतील तर बॅटरी नव्हे, गाडीचं चार्जिंग तपासा.

मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टिमीटर घरात असावा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, दारं बंद असताना मोजा. चालवून आल्या-आल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही १०.५च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल शॉर्ट झालाय, तिच्यावर आणखी खर्च करू नका.

मग सेल्फ मारताना आकडा बघा. भरलेली बॅटरी ९.६च्या खाली जात असेल तर ती हिवाळा काढेल असं धरू नका.

गाडी चालू, रेस थोडी वाढवलेली असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ हवं. १४.८च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा भाग, बिघडलाय आणि तो तुमचं पाणी उकळवतोय. हे उन्हाळ्यात जास्त नडतं, कारण बॅटरी जितकी गरम तितका तिला कमी व्होल्ट पुरतो, दर अंशामागे साधारण २० मिलिव्होल्ट. २७ अंशांना १४.४ ठीक असेल तर ४७ अंशांना १४.०च पुरे. जुन्या गाड्यांच्या रेग्युलेटरला बॅटरी किती तापली हे कळत नाही, तो आपला तेवढाच दाब देत राहतो. नव्या कारमध्ये अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) कॉम्प्युटरच्या हुकमाने व्होल्ट वर-खाली करतो, तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या द्रावणाची घनता मोजणारी नळी, असेल तर तापमानाचा हिशेब विसरू नका. २७ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचं. द्रावण ४७ अंशांवर असताना १.२३० दिसलं तर खरं १.२४४ आहे. पूर्ण चार्जचा आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, तो बॅटरीवर किंवा कार्डावर असतो. आकड्यापेक्षा सेलासेलांमधला फरक महत्त्वाचा. तो ०.०५०पेक्षा जास्त असेल तर कमी आकड्याचा सेल आजारी आहे.

उभी गाडी

टिनाच्या शेडखाली गाडी सावलीत आहे असं वाटतं, पण दुपारी तापलेलं टिन खाली आग ओकतं. बाजू उघड्या नसतील तर त्यापेक्षा कडुनिंबाची सावली कितीतरी बरी. शेडच लागत असेल तर टिनाखाली तुऱ्हाट्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा थर द्या आणि वारा वाहू द्या. लांबून चालवून आल्यावर वारा थांबतो आणि इंजिनची धग बॅटरीवर येते. म्हणून आवारात आल्यावर १०-१५ मिनिटं बोनेट उघडं ठेवायला हरकत नाही. बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं काळं जॅकेट असेल तर ते गॅरेजमध्ये फेकू देऊ नका, इंजिनची धग अडवायलाच ते असतं.

उभ्या कारमध्येही घड्याळ, लॉक, अलार्म थोडी वीज खातात. ५० मिलिॲंपिअर धरली तर दिवसाला १.२ ॲंपिअर-तास जातात. ३५ ॲंपिअर-तासाची बॅटरी १५ दिवसांत त्यानेच अर्धी होते, उन्हाने उतरते ते वेगळं. पूर्ण नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, गाडी उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना लागतो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी पडते. ट्रॅक्टरला कट-ऑफ स्विच बसवला तर ही कटकटच मिटते. रोज पाच मिनिटं जागेवर गाडी चालू ठेवण्याचा उपयोग नसतो. एसी-पंखा चालू असेल तर मंद इंजिन जेवढी वीज बनवतं तेवढी तिथेच संपते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा.

चार्जिंगला लावायची तर ॲंपिअर-तासाच्या दहाव्या हिश्श्याने: ३५च्या बॅटरीला ३.५ ॲंपिअर, ८०च्या बॅटरीला ८. रात्री लावा, दुपारी नको, आणि बुचांची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. अर्ध्या तासात फुल करून देणाऱ्या चार्जिंगने उन्हाळ्यात बॅटरी भाजून निघते. डब्याला हात लावून ठेववत नसेल तर चार्जर बंद करा आणि थंड होऊ द्या.

रानडुकरांसाठी वावरात लावलेलं झटका मशीन किंवा राखणीचा बल्ब गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवण्याची सवय सोडा. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, पातळ प्लेटांची. रोज रात्री रिकामी केली तर ती एका हंगामात संपते. त्या कामाला जाड प्लेटांची ट्यूब्युलर किंवा सोलरची बॅटरी वेगळी घ्या. लग्नसराईत जीपवर लावलेल्या ॲम्प्लिफायरचंही तेच.

टर्मिनल आणि पट्टी

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललं असेल तर वायरी काढा, बुचं घट्ट आहेत ना बघा, ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. आधी वायरी घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलीन. उलटं केलं तर व्हॅसलीन संपर्कातच अडकतं. बॅटरीची पट्टी हाताने हलवून बघा. पांदण रस्त्यावर सैल बॅटरी आपटत राहते, उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लेटांचा भुगा तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो.

नवी घेताना

पाणी बघण्याची सवय असेल तर आपल्याकडे बुचांची बॅटरीच बरी, निदान उडालेलं पाणी भरता तरी येतं. बोनेट उघडणारच नसाल तर सीलबंद घ्या. तिच्या रंगीत डोळ्यावर फार भरवसा नको, तो एकाच सेलचा हाल दाखवतो. तो पांढरा किंवा पिवळा झाला तर बहुधा पाणी संपलेलं असतं, तेव्हा ती चार्ज करत बसू नका.

दुकानात बनवल्याची तारीख बघा. टिनाच्या गोदामात मे काढलेला माल जुलैत स्वस्त मिळाला तरी नको, तीन महिन्यांच्या आतला मागा. तिथेच मीटर लावायला सांगा. १२.५च्या खाली असेल तर दुसरी द्यायला लावा. प्लस-मायनसची बाजू जुन्यासारखीच हवी, नाहीतर वायर पोचत नाही. ट्रेमध्ये बसत असेल तर एक नंबर जास्त ॲंपिअर-तासाची चालते. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि सिरियल नंबर तिथेच लिहून घ्या.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. भंगारवाल्याला देताना ॲसिड धुऱ्यावर किंवा नालीत ओतून 'हलकी' करून देऊ नका. त्यात शिसं विरघळलेलं असतं, ते मातीतून विहिरीत उतरतं.