६८ अंश ओलांडले तरी फिल्म विसंवाहकच? या चुका टाळा

व्हॅनेडियम डायऑक्साइड थंड असताना विसंवाहक असतं आणि ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम धातूसारखं वीज वाहू लागतं. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला त्याची फिल्म, म्हणजे पातळ थर, घेणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "सर, ६८ अंश गेले, रेझिस्टन्स काही पडत नाही." मग चर्चा थेट भौतिकशास्त्रज्ञ मॉटच्या सिद्धांतावर जाते, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळे पदार्थ विसंवाहक होतो यावर. इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं महत्त्वाचं की व्हॅनेडियमच्या अणूंच्या जोड्या जमणं, हा वाद १९५९ मध्ये मोरिनने हा बदल दाखवला तेव्हापासूनचा. दोन्हींचा हात आहे, असं आज बहुतेक जण मानतात. तुमची फिल्म मात्र बहुधा फर्नेसमध्येच बिघडलेली असते.

पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. तो जरा जास्त झाला की व्हॅनेडियम पेंटॉक्साइड होतं, आणि त्यात ६८ अंशांजवळ उडीच नाही. कमी पडला तर ट्रायऑक्साइड. त्याचा बदल शून्याखाली शंभरेक अंशांवर, म्हणजे तुमच्या हीटरच्या कक्षेबाहेर. एक्सआरडीची (क्ष-किरणांनी होणाऱ्या स्फटिक-तपासणीची) वाट बघण्याआधी रंग बघा: हवी ती फिल्म तपकिरी दिसते, पिवळी झाक पेंटॉक्साइडची. आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे अॅनिलिंगमध्ये, म्हणजे फिल्म फर्नेसमध्ये तापवत ठेवताना, लाइट जाणे. व्हॅक्यूम पंप थांबतो, फर्नेस मात्र बराच वेळ तापलेलीच, आणि पंपाच्या वाटेने हवा आत शिरते. लाइट जाताच पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मग आर्गॉन भरा. सिलिंडरला वीज लागत नाही.

सबस्ट्रेट, म्हणजे फिल्मखालचा तुकडा, स्वस्तातला नको. साध्या काचेतला सोडियम तापल्यावर फिल्ममध्ये चढतो. उघड्या सिलिकॉनवर तर तुम्ही फिल्मचा नव्हे, सिलिकॉनचाच रेझिस्टन्स मोजत बसता. क्वार्ट्झ किंवा सफायर घ्या. आणि ६८ हा आकडा जाड, निवांत स्फटिकाचा आहे. योग्य दिशेने कापलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर फिल्म ताणली गेली की बदल खोलीच्या तापमानाजवळ येतो. शेकडा एक टंगस्टन घातलं तरी तो साधारण २० अंशांनी उतरतो.

तापवताना रेझिस्टन्स कमी झाला एवढ्यावर खूश होऊ नका. तो कुठल्याही अर्धवाहकाचा कमी होतो. थोड्याच अंशांत मोठी घसरण हवी, आणि थंड करताना वेगळी वाट; या दोन वाटांचा आलेखावर लूप होतो. चांगल्या स्फटिकात ही उडी लाख पटीपर्यंत जाते. काचेवर दहा-शंभर पट मिळाली तरी ती फिल्म टाकून देण्याजोगी नाही. लूप फारच रुंद आला तर तापमान मोजणारा थर्मोकपल कुठे आहे ते बघा. हीटरवर असेल तर तापमान हीटरचं, रेझिस्टन्स फिल्मचा. तापवण्याचा वेग निम्मा करा. लूप आक्रसला तर रुंदीचा काही भाग मोजणीचाच होता.

व्होल्टेज देऊन स्विचिंग, म्हणजे फिल्म विसंवाहकाची वाहक होणं, दाखवणाऱ्यांनी तर जपूनच बोलावं. १० व्होल्ट आणि १ मिलिअँपिअर म्हणजे १० मिलिवॅट. दोन इलेक्ट्रोडांमधल्या केसाएवढ्या फटीत ही उष्णता ६८ अंश गाठायला पुरू शकते. "विद्युतक्षेत्रामुळे बदल" असं लिहिण्याआधी छोट्या पल्स देऊन बघा, आणि सबस्ट्रेटचं तापमान बदलल्यावर स्विचिंगला लागणारी पॉवर कशी बदलते तेही नोंदवा. ६८ जवळ येईल तशी ती शून्याकडे जात असेल, तर परीक्षक उष्णतेचंच नाव घेणार.