छोट्या ब्रँडचे बास्केटबॉल शूज घेताय? आधी बूट उलटा करा

मोठ्या कंपनीचे बास्केटबॉल शूज म्हटलं की आठ-दहा हजार सहज जातात, आणि सिमेंटच्या कोर्टवर रोज खेळणाऱ्याचा सोल बघता बघता गुळगुळीत होतो, मग माणूस जालंधरच्या निव्हियाकडे नाहीतर पीकसारख्या चिनी नावाकडे वळतो. वळावं की, त्यात वावगं काय? अमेरिकेचा बास्केटबॉलपटू स्टेफन मार्बरीने २००६ मध्ये स्टारबरी नावाचे शूज १४.९८ डॉलरला आणले होते आणि एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या मॅचमध्ये स्वतः तेच घालून उतरला होता. फक्त एक आहे, मोठ्या ब्रँडच्या प्रत्येक मॉडेलची कोणीतरी आधीच चिरफाड करून ठेवलेली असते, छोट्याची ती आपल्यालाच करावी लागते.

पहिलं काम घरी. संध्याकाळी, म्हणजे दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा, खेळायचे मोजे घालून टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्या. दोन्ही पायांचं घ्या, मोठा पाय धरायचा. आठ नंबर, नऊ नंबर विसरा, कारण यूकेचा आठ म्हणजे यूएसचा साधारण नऊ आणि छोटे ब्रँड कधी कुठला छापतील नेम नाही. साइज चार्टमध्ये सेंटिमीटर दिले नसतील तर सरळ मेसेज टाकून विचारा. उत्तरच आलं नाही तर पुढे एक्सचेंजच्या वेळी काय होणार ते कळलंच.

बूट हातात आला की आधी उलटा करा. रंग नंतर. सोलवर माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असेल तर उत्तम, पुढे-मागे-आडवी सगळीकडे पकड मिळते. नक्षीच्या खाचा खोल हव्यात आणि रबर जरा कडक हवं. नखाने सहज दबणारं मऊ, काचेसारखं आरपार दिसणारं रबर लाकडी कोर्टवर मजा आणतं, पण आपल्याकडच्या उघड्या सिमेंट कोर्टवर ते पेन्सिल खोडरबरासारखं झिजतं, वर धूळ धरून ठेवतं ते वेगळंच.

मग बूट वाकवून बघा. बोटांच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर परत ठेवा. टॉवेल पिळतो तसा पिळा, फार सहज पिळला जाऊ नये. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा, तो कडक पाहिजे. आणि करंगळीच्या बाजूला सोल वरच्या कापडापेक्षा थोडा बाहेर आलेला आहे का ते बघा, आडवं कट मारताना पाय कलंडत नाही तो त्यामुळे. इथेच खरी फसवणूक होते: काही जण रनिंगच्या शूजची कॉलर उंच करतात आणि बास्केटबॉल म्हणून विकतात. टाच उंच, फोम लिबलिबीत, तळ अरुंद. असल्या बुटात रिबाउंडवरून, म्हणजे हुकलेला बॉल उडी मारून पकडून, खाली आलात की घोटा गेलाच समजा. कॉलर उंच आहे म्हणजे घोटा सुरक्षित, असं काही नसतं.

आता गोंद. हा भाग मी पैसे घालवून शिकलोय. एका छोट्या ब्रँडची जोडी सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळाली, तिसऱ्याच दिवशी लेअपला, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकायला, उडी मारली आणि उतरलो तर उजव्या पायाचा सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडा. कोपऱ्यावर बसणाऱ्या काकांनी जाड दोऱ्याने चहूबाजूंनी शिवून दिला, साठ रुपये घेतले आणि वर म्हणाले, "माल जुना आहे, साहेब." घरी येऊन खोका बघितला तर लेबलवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची! छोट्या ब्रँडचा माल गोडाऊनमध्ये पडून राहतो, दमट हवेत गोंद आणि फोम दोन्ही सुटतात. एमआरपीच्या लेबलवर महिना-वर्ष असतंच, तेवढं वाचा. जोडावर नखाएवढी फट दिसली किंवा पुढच्या टोकाला शिलाई नसली तर जरा विचार करा.

घालून बघायचे ते घरातच, पुसलेल्या फरशीवर, म्हणजे परत करायची वेळ आली तर सोल कोरा राहतो. लेस आवळा, दोन पावलं पळून कचकन थांबा. बोटं पुढे आपटली तर लहान, टाच उचलली गेली तर मोठा किंवा साचाच तुमच्या पायाचा नाही. "घालून घालून सैल होईल" हे दुकानदाराचं म्हणणं रुंदीबाबत थोडं खरं, लांबीबाबत शून्य.

कपड्यांना एवढा ताप नाही, तिथे बिनधास्त गल्लीतल्या किटवाल्याकडे जा. जाळीदार पॉलिएस्टर घ्या, सब्लिमेशन प्रिंट, म्हणजे उष्णतेने कापडात मुरवलेली छपाई, त्यावरच बसते, सुतीवर नाही. शॉर्ट्सला आतून नाडी हवी आणि खिसे नकोत, बोट अडकतं. टीमचं किट असेल तर फिकट आणि गडद असे दोन सेट करा, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात दोन लागतात, आणि नंबर ०, ०० किंवा १ ते ९९ मधले. बारा जर्सी सांगायच्या आधी एकच शिवून दोनदा धुऊन बघा, आणि शेवटी दोन जास्तीच्या करून ठेवा, कारण नंतर मागवलेल्या कापडाचा रंग जुळत नाही. आमच्या मरून टीममध्ये दोघं जण अजून विटकरी रंगात खेळतात.