जाहिरात लिहिण्यात मन कसं रमतं: बेळगावकडच्या नवोदितांसाठी

कॉपीरायटिंग शिकू पाहणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं मला बहुतेक एकच गोष्ट विचारतात: रोज कुणाच्या तरी मालाची स्तुती लिहायची, त्यात मन कसं रमणार? प्रश्न खरा आहे. मालाबद्दल आपल्याला काही ठाऊक नसतं तोवर ते रमतच नाही. ठाऊक झालं की मग लिहिल्याशिवाय राहवत नाही, असा माझा अनुभव आहे.

निपाणीकडच्या एका कोल्हापुरी चपलांच्या दुकानाचं पत्रक लिहायचं होतं. दुकानदारांनी दिलेली ओळ होती, 'परंपरा आणि दर्जा यांचा संगम'. ही ओळ साडीला चालते, फरसाणाला चालते, पतसंस्थेलाही चालते. म्हणून मी चपला शिवणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसले.

"मामा, हे चामडं कशात कमावलंय?"

"बाभळीची साल आणि हिरडा. दुसरं काय घालायचं?"

"मग हे गिऱ्हाइकाला सांगत का नाही?"

"ते काय सांगायचं असतंय व्हय? ठाऊक असतंय की सगळ्यास्नी."

ते सगळ्यांना ठाऊक नसतं. शहरात वाढलेल्या गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी नोंद, मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार. कर्नाटकातल्या चारांत बेळगाव आहे. इथल्याच माणसांना हे सांगितलं तर तीही चकित होतात. बाभूळ, हिरडा, मानांकन आणि मामांनी टाका घालून दाखवलेला तो पट्टा, एवढ्यावर पत्रक झालं. त्या रात्री मला झोप लागत नव्हती, इतक्या ओळी सुचत होत्या.

आपल्या भागात अशा वस्तूंना तोटा नाही. शहापूरच्या मागावरची साडी, खानापूरची मातीची भांडी, गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा. त्या बनवणाऱ्यांना हात चालवता येतो, पण चार ओळी लिहून द्यायला शेजारी कुणी नसतं. मोठ्या कंपन्यांकडे लिहिणारे भरपूर आहेत. ह्या माणसांकडे आपण गेलो नाही, तर त्यांच्या पत्रकावर तोच 'संगम' छापला जातो. हे काम कशासाठी करायचं असं कुणी विचारलं, तर मी ह्याच माणसांकडे बोट दाखवते.

मुंबई-पुण्याच्या एजन्सीकडून मिळणारं मराठी काम बरंचसं इंग्रजी किंवा हिंदी जाहिरातीचं रूपांतर असतं. ते करा, हात बसतो आणि पैसेही मिळतात. पण नुसती ओळ घेऊन बसू नका. मूळ ब्रीफ मागून घ्या: माल कुणासाठी आहे, काय सांगायचंय, वाचणाऱ्याने पुढे काय करावं. ते कळलं की मराठी ओळ स्वतंत्रपणे सुचते. ब्रीफ न पाहता ओळींमागून ओळी रूपांतरित करत राहिलं की माणूस कंटाळतो, आणि दोष आपल्यातच आहे असं वाटायला लागतं. तो आपला दोष नसतो.

जागेचं गणितही लवकर शिकून घ्या, मला त्यात फार मजा येते. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70 चिन्हं. त्यात काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक वेगळा मोजला जातो. 'बेळगावचा कुंदा' हे डोळ्याला सात अक्षरांचं वाटतं, यंत्र ते मधल्या जागेसह 14 मोजतं. दैनिकातल्या मोठ्या जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो, म्हणजे तिथेही प्रत्येक जादा शब्दाचे पैसे गिऱ्हाईक भरतं. आणि कर्नाटकात 2024 च्या कायदेदुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. उरलेल्या जागेतलं मराठी नेमकं हवं, आणि शेजारच्या कन्नड ओळीशी जुळणारंही. दोन्ही भाषा कानात घेऊन वाढलेल्या मुलांना हे जमतं. बाहेरून येणाऱ्याला ते शिकायला वर्षं लागतात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी आधी लिपी शिकावी, असं मी आग्रहाने सांगते.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. 'मधुमेह मुळापासून बरा' असं चूर्णाच्या पाकिटावर लिहून द्या म्हणणारे भेटतील. 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींविषयीचा कायदा अशा दाव्यांना मनाई करतो, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. पण कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. ते पाकीट घेणारी बाई आपल्याच गल्लीतली असते, आणि आपली ओळ वाचून ती गोळी बंद करू शकते. काम गेलं तर जाऊ द्या.

आता एआयचं यंत्रही घटकेत दहा ओळी लिहून देतं, मग आमचं काय, असं मुलं विचारतात. यंत्र मामांच्या शेजारी बसलेलं नसतं. आपण तिथे बसून जे ऐकलं ते आपल्या वहीत असतं, म्हणून वही ठेवा. गिऱ्हाईक बोलताना जो शब्द वापरतं तो जसाच्या तसा उतरवा.

सुरुवातीला काम नसेल तर ओळखीच्या एका दुकानाचं पत्रक स्वतःहून लिहा आणि मालकांना मोठ्याने वाचून दाखवा. ते मध्येच थांबवून "तसं नाही, असं असतंय" म्हणाले तर कान टवकारा, चांगली ओळ बहुधा त्याच वाक्यात असते. दुसऱ्या कामापासून मोबदला आधी ठरवा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि किती वेळा दुरुस्ती करून द्याल ते लिहून ठेवा. ओळखीच्या माणसांकडे पैसे मागताना अवघड वाटतं, पण अण्णा-काका म्हणूनही हिशेब चोख ठेवता येतो, आणि तसा ठेवला की पुढचं कामही त्याच घरून येतं.