घरच्या गॅससाठी सिलिंडर केवढा घ्यावा आणि कसा बसवावा

घरात माणसं किती यावरून सिलिंडर ठरवण्यापेक्षा शेगडी रोज किती तास जळते ते मोजा. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 150 ग्रॅम गॅस खातो. सगळ्या बर्नरचे मिळून रोज तीन तास होत असतील, तर 14.2 किलोचा सिलिंडर महिनाभर जातो. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याची शेगडी रोज तासभरच जळते, त्याला 5 किलोचाही महिनाभर पुरतो आणि जिन्याने नेताना हाल होत नाहीत; मोठा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. कुटुंब असेल तर दोन सिलिंडरचं कनेक्शनच घ्या. 19 किलोचा निळा सिलिंडर हॉटेलांसाठी असतो, तो घरात आणू नका.

गॅस गीझरचा हिशोब वेगळा. दहा-बारा किलोवॉटचा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस ओढतो. सिलिंडरमधला द्रव गॅस उकळून वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता बाहेरच्या हवेतून घेतो. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा कधीकधी दहाच्या खाली जातो. त्यात एकामागून एक आंघोळी झाल्या की सिलिंडरचा तळ गारठतो, त्यावर दव जमतं, आतला दाब कमी होतो आणि आच मंदावते. सिलिंडर अर्ध्याखाली आला असेल तर हे लवकर होतं. अशा वेळी गीझर थोडा वेळ बंद ठेवा. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा तो आडवा करणं धोक्याचं आहे. आणि गीझर बाथरूमच्या आत कधीच बसवू नका: बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो.

सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवा. कड्याच्या पट्टीवर चाचणीची मुदतही असते: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, पुढे वर्षाचे दोन आकडे. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा.

गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला की जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा मोरीच्या तोंडाशी नको. ओट्याखालच्या कपाटात ठेवायचा तर दाराला खाली आणि वर जाळी हवीच. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, सिलिंडर नेहमी उभा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा जादाचा सिलिंडर गच्चीवर किंवा उन्हातल्या बाल्कनीत राहता कामा नये.

नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्या, दीड मीटरपर्यंतची. ती भिंतीतून किंवा शेगडीच्या मागून नेऊ नका. पाच वर्षांनी बदला. उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी.

जोडण्याआधी आजूबाजूची आच, दिवा, उदबत्ती विझवा. दोरा ओढून झाकण काढा आणि व्हॉल्व्हमधली रबराची रिंग आहे का, चिरलेली तर नाही ना, ते बघा. बहुतेक गळती या रिंगेतूनच होते. रेग्युलेटरचा खटका बंद ठेवून त्याची काळी रिंग वर ओढा, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ टेकवून दाबा, रिंग खाली सोडा. टक्क आवाज आला पाहिजे, आणि ओढून पाहिलं तर निघता कामा नये. मग शेगडीच्या कळा बंदच ठेवून खटका चालू करा आणि साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर, नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे फुगले तर खटका बंद करून पुन्हा जोडा. तरीही आले तर झाकण लावून एजन्सीला कळवा. काडी पेटवून तपासू नका.

उन्हाळ्यात कुलरचा झोत शेगडीकडे नको, मंद आच विझते आणि गॅस चालूच राहतो. वास आला तर कुलरचं, पंख्याचं, दिव्याचं बटण जसं आहे तसंच राहू द्या. त्या ठिणगीनेही पेट घेतो. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच 1906 ला फोन लावा.