लग्नातली फुलं: आधी अंगावरची, मग स्टेजची

फुलांचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर डेकोरेटरचा अल्बम उघडण्याआधी घरातली एक वही उघडा. पहिल्या पानावर अंगावर चढणारी फुलं लिहा: वधूवरांचे हार, फुलांच्या मुंडावळ्या हव्या असतील तर त्या, नवरीची वेणी, विहिणीची वेणी, बायकांचे गजरे. दुसऱ्या पानावर गौरीहर, होम, कलश, दाराचं तोरण. स्टेज, कमान आणि गाडी तिसऱ्या पानावर. पैसेही याच क्रमाने वाटा. माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही नेमकं उलट केलं. स्टेजमागे ऑर्किडची भिंत उभी राहिली आणि शंभर बायकांसाठी गजरे आणले साठ. फोटोत ती भिंत धूसर जांभळी दिसते. गजरा न मिळालेल्या काकूंना मात्र तो प्रसंग अजून तारखेसकट आठवतो.

मुहूर्त ठरला की त्या दिवशी आणखी काय काय आहे ते कालनिर्णयात बघून घ्या. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर घरोघरी महालक्ष्मीची पूजा असते, त्यामुळे शेवंती आणि वेण्या आदल्या दिवशीपासूनच चढ्या भावाने जातात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लाल गुलाबाचा हट्ट सोडा. मावळातल्या पॉलीहाऊसमधला चांगला माल १४ तारखेच्या मागणीकडे वळलेला असतो. अक्षय्य तृतीयेचं तर सांगायलाच नको.

मग ऋतू. मोगरा उन्हाळ्याचा. एप्रिल-मेच्या लग्नात तो भरपूर मिळतो, तेव्हा हात सैल सोडा. डिसेंबरात मात्र गजऱ्यात बहुधा कागडा येतो, दिसायला पांढराशुभ्र पण वासाला शून्य. थंडीत वास हवाच असेल तर गुलछडी घ्या, म्हणजे मुंबईकरांचा निशिगंध. हारासाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची, फुलदाणीसाठी भरगच्च पाकळ्यांची डबल. शेवंती हिवाळ्यात स्वस्त आणि टिकाऊ, झेंडू तर सगळ्यांचा तारणहार. लोक त्याला 'साधा' म्हणून नाक मुरडतात, पण पिवळ्या-केशरी माळांचा भरगच्च पडदा आणि वर आंब्याची पानं, याहून लग्नघरासारखं दुसरं काही दिसत नाही.

कार्यालय बुक करतानाच विचारून ठेवा की बाहेरचा डेकोरेटर चालतो का आणि त्याची रॉयल्टी, म्हणजे त्यासाठी कार्यालय घेतं ते शुल्क, किती. ती रक्कम नंतर कळली तर बाजारात वाचवलेले पैसे तिथेच जातात. डेकोरेटरकडून कोटेशन लेखी घ्या. त्यात 'फुलांची सजावट' एवढंच नको. कुठलं फूल, किती, खरं किती आणि कापडी किती, संध्याकाळच्या रिसेप्शनला सकाळचीच फुलं की ताजी, हे सगळं हवं. कापडी फुलांना माझी हरकत नाही, फक्त ती वर, छताजवळ असू देत. हात पोचतो, नाक पोचतं तिथे खरीच हवीत.

महिनाभर आधी एकदा पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारात चक्कर मारून या. खरेदी करू नका, नुसते भाव ऐका. सुटी फुलं किलोवर जातात. डच गुलाबाच्या गड्डीत साधारण २० आणि जरबेराच्या गड्डीत १० फुलं असतात. घरून येताना दारांची मापं फुटांत लिहून आणा, म्हणजे माळा अंदाजाने सांगाव्या लागणार नाहीत. हारवाल्याला नवरा-नवरीची उंचीही सांगा. गुडघ्यापर्यंतचा हार अल्बममध्ये शोभतो, मांडवात नवरीला तो नीट उचलताही येत नाही. नवऱ्याला खांद्यावर उचलणारे मित्र असतील, आणि ते असतातच, तर हार दुहेरी दोऱ्यात ओवून घ्या.

आदल्या संध्याकाळी जरबेरा बादलीभर पाण्यात बुडवू नका, देठ कुजतात; चार बोटं पाणी पुरे. मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या. हारावर पाणी मारलं असेल तर घालण्याआधी तो झटकून, पुसून घ्या. रेशमावर ओल्या दोऱ्याचा डाग राहतो. लिली वापरणार असाल तर मधले तपकिरी तुरे आधीच खुडून टाका. आमच्याकडे एकीच्या मोतिया पैठणीवर ती पूड सांडली आणि तिने घाईने ओल्या रुमालाने पुसली. डाग पदरभर झाला. पूड कोरडीच असताना चिकटपट्टीने अलगद उचलायची असते.

आणि सकाळी निघताना पिशवीत कात्री, सुई-दोरा, सेफ्टी पिना, रिकामा स्प्रे आणि एक जादा हार.