लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका

जुन्या गाडीचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बदलला आणि काही महिन्यांत खड्ड्यात पुन्हा खडखड सुरू झाली, तर दरवेळी पार्टच डुप्लिकेट नसतो. बऱ्याचदा फिटिंग चुकलेलं असतं. आर्म सांगाड्याला जिथे जोडतो तिथे बुश, म्हणजे रबरी सांधा, असतो. त्याचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की नळी त्याच कोनात जखडते. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

म्हणून पिटवर, म्हणजे गाडीखाली उभं राहता येतं अशा गॅरेजमधल्या खड्ड्यावर, काम करा. बुशचे बोल्ट आधी हलकेच लावा, चाकाकडचा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, मात्र पूर्ण आवळा. चाकं लावून जॅक उतरवा, बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडा, मगच खालून बुशच्या बोल्टना टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) मारा. नायलॉनवाले नट नवेच घ्या. नंतर चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातील.