जुने नेमबाजीचे रिव्हॉल्व्हर पारखताना

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १९३१ साली आणलेले ०.२२ बोअरचे के-२२ आउटडोअर्समन संग्रहाच्या आरंभासाठी मला सर्वांत योग्य वाटते. ते हाती घेताच सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरण्याचा फिरता भाग, उघडून रिकामे असल्याची खात्री करावी आणि मग मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागील बाजूस व नळीखाली ठोकलेले क्रमांक ताडून पाहावेत. मुठीच्या उजव्या लाकडी पट्टीच्या आतही तोच क्रमांक आढळला, तर भाग मूळचे असल्याचा भरवसा वाढतो. कडा रेखीव आणि अक्षरे ठसठशीत असावीत, कारण पुन्हा पॉलिश केलेल्या नगात स्क्रूंभोवतीचा पृष्ठभाग बहुधा खोलगट झालेला असतो. असा चकचकीत नग टाळावा. मूळ निळी झिलई विरळ झालेली असली तरी चालते. चामड्याच्या म्यानात शस्त्र साठवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि गंज चढतो.